युद्धमृत सैनिकांचा सन्मान

युद्धमृत सैनिकांचा सन्मान : युद्धात कामी आलेल्या सैनिकांची स्मृती जतन करणे आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबीयांच्या निर्वाहाची जबाबदारी समाजाने वा राज्यसंस्थेने पत्करणे, या दोन्हींचा समावेश या विषयात होतो. पहिल्या अंगात स्मारकशिला, समाधी, स्तंभ, नामावली, शौर्यपदके, अंत्यविधीची मानवंदना व स्मृतिदिन यांचा, तर दुसऱ्यात भूमिदान, वतन, निवृत्तिवेतन, मुलांचे संगोपन व नोकरी यांचा अंतर्भाव होतो. ही दोन अंगे प्राचीन काळापासून परस्परांशी निगडित असल्याचे आढळते. ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीझ याने वर्णिलेल्या प्रथेनुसार अथेन्समध्ये युद्धमृतांच्या अस्थी दहा गणांच्या दहा पेट्यांतून सार्वजनिक खर्चाने नेण्यात येत. ज्यांचे देह सापडले नाहीत, त्यांच्यासाठी एक आच्छादित पण रिकामी तिरडी मिरवणुकीत असे आणि युद्धमृतांच्या मुलांचे ती वयात येईपर्यंत नगरराज्याच्या खर्चाने पालनपोषण केले जाई. भारतातील परंपरा याहून वेगळ्या सामाजिक परिस्थितीत घडली असली, तरी नाव आणि निर्वाह ही तिचीही दोन मुख्य सूत्रे होत. ती कोणत्या काळी एकत्र राहिली, कोणत्या काळी विभक्त झाली आणि त्यांतून कोण वगळले गेले, यावरून त्या त्या काळच्या राज्यसंस्थेचे सैनिकाशी असलेले नाते स्पष्ट होते.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा : लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ दगड उभारण्याची चाल दक्षिण भारतात फार जुनी आहे. तमिळ संघम् साहित्यात अशा शिळेस नडुकल् म्हणजे रोवलेला दगड असे म्हटले असून तोल्काप्पियम् या व्याकरणग्रंथात दगड शोधणे, निवडणे, स्नान घालणे, रोवणे, नैवेद्य दाखविणे व स्तवन करणे अशा तिच्या विधीच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. महाराष्ट्र व कर्नाटकात या शिळांना वीरगळ असे नाव आहे, तर गुजरातेत, विशेषतः सौराष्ट्रात, त्यांना पाळिया म्हणतात. वीरगळावर सामान्यतः तीन वा अधिक आडवे चौकोन कोरलेले असतात. सर्वांत खालच्या चौकोनात वीराचे युद्ध व मृत्यू, मधल्यात अप्सरांकडून त्याचे स्वर्गारोहण व वरच्या भागात तो शिवलिंगाची पूजा करीत असल्याचे दृश्य असते. शिरोभागी कलश आणि चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य असेपर्यंत ही कीर्ती टिकेल, असा त्यांचा अर्थ होय. गाईगुरे पळवून नेणाऱ्यांशी वा गावावर चालून आलेल्या टोळीशी झुंजताना पडलेल्या सामान्य माणसालाही हा मान मिळे. त्यामुळे वीरगळ हे केवळ राजांच्या युद्धांचे नव्हे, तर गावाच्या संरक्षणाचेही साधन-साक्ष्य ठरतात. मुंबईच्या उपनगरातील बोरिवलीजवळ एकसर येथील उंच वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या लढाऊ जहाजांची शिल्पे आहेत. काही अभ्यासकांनी त्यांचा संबंध तेराव्या शतकातील यादव राजा महादेव व उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील आरमारी संघर्षाशी जोडला आहे.

महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ लेखविरहित आहेत. गावकऱ्यांना वीर ठाऊक असल्याने नाव कोरण्याची गरज भासली नसावी. परिणामी काही पिढ्यांनंतर दगड उरला आणि नाव लुप्त झाले. कर्नाटकातील अनेक वीरगळ मात्र कोरीव लेखांनी युक्त असून, वीराच्या वारसांना काय मिळाले, हेही त्यांवरून समजते. मृत वीराच्या कुटुंबास दिलेल्या जमिनीस कन्नडमध्ये ‘नेत्तरु गोडगे’ म्हणजे रक्ताबद्दलचे दान अशी संज्ञा होती. बंगलोरजवळील बेगूर येथील, नवव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा, गंग काळातील वीरगळ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नागत्तर हा गंगांचा अधिकारी शत्रूशी लढताना मारला गेल्याचे कळल्यावर राजाने इरुग यास नागत्तर हे पद देऊन बारा गावांचा समूह त्याच्या स्वाधीन केला, असे त्यावरील लेखात नमूद आहे. मृत्यूची नोंद व त्यानंतरची तरतूद एकाच दगडावर कोरलेली असल्याने दान मोडणे अवघड होई. किंबहुना दगड हाच कुटुंबाच्या हक्काचा कागद ठरे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. वीरगळांच्या शेजारी अनेकदा सतीशिळा आढळतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात हे त्यांचे ओळखचिन्ह होय. पतीमागे सती जाणाऱ्या स्त्रीला दगड मिळे. जगून मुले वाढविणाऱ्या विधवेला मात्र शिल्पात स्थान नव्हते. वीराच्या पत्नीचा सन्मान तिच्या मृत्यूशी जोडला गेला होता. १८२९ मध्ये बंगाल इलाख्यात व १८३० मध्ये मुंबई इलाख्यात सतीच्या चालीस कायद्याने बंदी झाली; तथापि जगणाऱ्या विधवेचा सन्मान हा प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ अनुत्तरितच राहिला.

मराठेशाही : शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीत युद्धमृतांच्या कुटुंबीयांच्या तरतुदीला काहीशी नियमबद्धता आली. सभासद बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतरच्या (१६५९) व्यवस्थेचे जे वर्णन आहे, त्यानुसार जखमी सैनिकांना जखमेच्या मानाने बक्षिसे मिळाली, पडलेल्यांच्या पुत्रांचे चालविण्यात आले आणि ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन बांधून देण्यात आले. निपुत्रिक विधवेला स्वतःच्या नावाने वेतन मिळण्याची ही तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. पुढील काळात मृत सैनिकाच्या मुलांच्या पालनपोषणार्थ दिल्या जाणाऱ्या नेमणुकीस बालपरवेशी हे नाव रूढ झाले. सरदारांच्या बाबतीत सन्मानाला नातेसंबंधाचेही रूप मिळे. सरनोबत प्रतापराव गुजर १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत मोजक्या स्वारांसह मारले गेल्यानंतर त्यांच्या कन्येचा, जानकीबाईंचा, विवाह १६८० मध्ये राजपुत्र राजाराम यांच्याशी झाला. सिंहगडावरील तानाजी मालुसरे यांची आणि विशाळगडावरील बाजीप्रभू व फुलाजी या देशपांडे बंधूंची समाधी ही स्थळे लोकस्मृतीने जपली. त्यांच्याबरोबर पडलेल्या मावळ्यांची नावे मात्र बहुतांशी अज्ञात आहेत. समाधी नायकाची आणि निर्वाह सर्वांचा, असे या काळातील व्यवस्थेचे स्थूलमानाने वर्णन करता येईल.

कंपनीचा अंमल : ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील चर्चच्या भिंतींवरील स्मृतिफलक प्रामुख्याने यूरोपीय अधिकाऱ्यांचे आहेत. पुणे जिल्ह्यातील कोरेगाव भीमा येथील स्तंभ त्या दृष्टीने वेगळा ठरतो. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या सैन्याशी झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ कंपनीने उभारलेल्या या स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. लढाईत पडलेल्या एतद्देशीय शिपायांची नावे त्यावर कोरलेली असून ४९ मृतांमध्ये २२ महार सैनिकांचा समावेश आहे. कंपनीचा हेतू स्वतःच्या विजयाची नोंद करण्याचा होता. परंतु नावे कोरली गेल्यामुळे स्तंभाला पुढे वेगळा अर्थ प्राप्त झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करातील भरती बंद झाली, तेव्हा पूर्वजांच्या सेवेचा तो एक पुरावा ठरला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे भेट दिली आणि तेव्हापासून तो दलित समाजाच्या आत्मसन्मानाचे प्रतीक बनला. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या महार रेजिमेंटच्या आरंभीच्या बोधचिन्हातही हा स्तंभ होता. स्मारकाचा अर्थ ते उभारणाऱ्यांपेक्षा ज्यांची नावे त्यावर आहेत त्यांचे वंशज ठरवितात, याचे हे ठळक उदाहरण होय.

पहिले महायुद्ध : १९१४–१८ च्या महायुद्धात भारतातून तेरा लाखांहून अधिक सैनिक व बिनलढाऊ कर्मचारी सहभागी झाले आणि त्यांपैकी सु. ७४ हजार मृत्यू पावले. मे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनने (पुढे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन) हुद्दा, वंश वा धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृताचे नावानिशी स्मरण करावयाचे, असे तत्त्व स्वीकारले. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथील भारतीय स्मारकावर (१९२७) ज्यांची थडगी वा दहनस्थाने अज्ञात आहेत, अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. तथापि यूरोपबाहेर हे तत्त्व पाळले गेले नाही. मेसोपोटेमियातील (इराक) मोहिमेत सर्वाधिक भारतीय सैनिक गुंतले होते. परंतु १९२९ मध्ये अनावरण झालेल्या बसरा येथील स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली, तर भारतीय शिपायांची केवळ पलटणवार संख्या देण्यात आली. भारतातील अनेक खेड्यांत सरकारने बसविलेल्या संगमरवरी फलकांचाही मजकूर याच धर्तीचा आहे : या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सैनिकी परंपरेसाठी प्रसिद्ध असलेल्या सातारा जिल्ह्यासारख्या भागांत या फलकांनी गावाच्या अभिमानाला स्थान दिले. परंतु कुटुंबाला आपल्या माणसाचे नाव वाचावयास मिळाले नाही. ज्या मध्ययुगीन वीरगळावर नाव नव्हते, तो निदान वीराच्याच गावात त्याच्या आप्तांनी उभारलेला होता. येथे मात्र नावे पलटणींच्या दप्तरात उपलब्ध असूनही ती कोरण्यात आली नाहीत.

कमिशनने नेमलेल्या समितीच्या एप्रिल २०२१ मधील अहवालात या उणिवेची स्पष्ट कबुली देण्यात आली. भारतीय, पूर्व व पश्चिम आफ्रिकी, ईजिप्शियन आणि सोमाली अशा सु. ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले आणि आणखी किमान १,१६,००० मृतांची नावानिशी नोंद झाली नाही वा त्यांचे स्मरणच झाले नाही, असा अंदाज अहवालात मांडला आहे. यांतील दुसऱ्या गटात पूर्व आफ्रिकी व ईजिप्शियन यांचा भरणा अधिक असून ही संख्या साडेतीन लाखांपर्यंत असू शकेल, असेही त्यात म्हटले आहे. कमिशनने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. काही दुरुस्त्या त्याआधीच झाल्या होत्या. इंग्लंडमधील ब्रायटनजवळ जेथे ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले, तेथे १९२१ मध्ये छत्री उभारण्यात आली. परंतु त्या सैनिकांची नावे तिच्यानजीकच्या फलकावर २०१० मध्ये कोरली गेली.

नवी दिल्ली येथील इंडिया गेट म्हणजेच अखिल भारतीय युद्धस्मारक (पायाभरणी १९२१, उद्‌घाटन १२ फेब्रुवारी १९३१) हे वास्तुविशारद एडविन लट्येन्झ याच्या योजनेनुसार बांधलेले ४२ मी. उंचीचे स्मारक होय. पहिले महायुद्ध व तिसरे अफगाण युद्ध (१९१९) यांतील तेरा हजारांहून अधिक मृतांची नावे त्यावर आहेत. मुंबईत मशीद बंदर येथील खलाशांच्या वसतिगृहातील स्मारक रॉयल इंडियन मरीन व व्यापारी जहाजांवरील दोन हजारांहून अधिक मृत नाविकांचे असून ज्यांना समुद्राखेरीज अन्य दफनस्थान नाही, अशांच्या स्मृतीस ते अर्पण केले आहे.

दुसरे महायुद्ध : नागालँडमधील कोहीमा येथील युद्धस्मशानात १,४२० थडग्यांबरोबरच दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांचे स्वतंत्र स्मारक आहे. पुण्याजवळील खडकी येथील युद्धस्मशानात, पश्चिम व मध्य भारतातील ज्या ठिकाणी थडग्यांच्या कायम देखभालीची हमी नव्हती तेथील थडगी एकत्र आणण्यात आली. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीतील अपर टायबर खोऱ्यातील लढाईत वीरमरण आले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांचे थडगे ज्ञात नसल्याने त्यांचे नाव कासीनो स्मारकावर कोरलेले आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील माँतोने येथे त्यांच्या नावाने छायाघड्याळाच्या स्वरूपातील स्मारकाचे अनावरण झाले.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वतंत्र भारतात २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र ही पदके संस्थापित होऊन ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली. परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. मरणोत्तर पदक राष्ट्रपतींच्या हस्ते मृताच्या निकटतम आप्तास प्रदान केले जाते. १९७१ च्या युद्धानंतर इंडिया गेटच्या कमानीखाली अमर जवान ज्योती प्रज्वलित करण्यात आली (२६ जानेवारी १९७२). उलटी रोवलेली बंदूक व तिच्यावरील शिरस्त्राण हे तिचे दृश्य रूप होते. तथापि स्वातंत्र्यानंतरच्या सर्व युद्धमृतांची नावे एकत्र असलेले राष्ट्रीय स्मारक दीर्घकाळ नव्हते. पुण्यात नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेले व १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झालेले युद्धस्मारक हा या दिशेने झालेला एक उल्लेखनीय प्रादेशिक प्रयत्न होय. नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्‌घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. अमर, वीरता, त्याग व रक्षक अशी चार समकेंद्री चक्रे असलेल्या या स्मारकातील त्यागचक्रात सु. २६ हजार मृतांची नावे ग्रॅनाइटच्या फलकांवर हुद्द्यानिशी कोरलेली आहेत. २१ जानेवारी २०२२ रोजी अमर जवान ज्योती येथील ज्योतीत विलीन करण्यात आली. येथे मृत सैनिकांच्या आप्तांच्या हस्ते पुष्पचक्र अर्पण करण्याचाही कार्यक्रम होतो.

अंत्यविधीच्या बाबतीत १९९९ चा कारगिल संघर्ष हा एक महत्त्वाचा टप्पा होय. त्यापूर्वी युद्धमृतांवर सर्वसाधारणपणे रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत आणि कुटुंबाकडे अस्थी वा मृताच्या वस्तू पोहोचत. कित्येकांना केवळ तार मिळे. कारगिलमध्ये कामी आलेल्या ५२७ सैनिकांपैकी बहुतेकांचे देह त्यांच्या मूळ गावी पाठविण्यात आले. राष्ट्रध्वजाने आच्छादिलेली शवपेटी, बंदुकीच्या फैरी, बिगुलावरील शोकधून व अखेरची मानवंदना हा विधी त्यामुळे खेड्यापाड्यांतील लोकांनी प्रथमच मोठ्या प्रमाणावर पाहिला. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज चितेत वा थडग्यात जाऊ द्यावयाचा नसतो. तो घडी करून कुटुंबीयांच्या हाती देण्यात येतो. शोक व सन्मान यांचे स्थान त्यामुळे छावणीतून पुन्हा गावाकडे आले.

कुटुंबीयांची तरतूद : १९१९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सोल्जर्स बोर्डाचे रूपांतर पुढे केंद्रीय सैनिक बोर्डात झाले असून त्याचे कार्य राज्य व जिल्हा पातळीवरील सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत चालते. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळण्यात येतो व त्या दिवशी जमा होणारा निधी युद्धमृतांचे कुटुंबीय, अपंग सैनिक व माजी सैनिक यांच्यासाठी वापरला जातो. १९७२ मध्ये मोहिनी गिरी यांच्या पुढाकाराने युद्धविधवांची संघटना स्थापन झाली. रणात मृत्यू आलेल्या सैनिकाच्या वारसास शेवटच्या वेतनाइतके कुटुंबनिवृत्तिवेतन देण्याची उदार योजनाही याच काळात अस्तित्वात आली. सभासदाने वर्णिलेल्या निम्म्या वेतनाशी तिची तुलना उद्‌बोधक ठरते.

मात्र या तरतुदींतही विधवेकडे पाहण्याची जुनी दृष्टी काही काळ टिकून होती. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होई. तिने मृत पतीच्या भावाशी विवाह केला, तरच तो चालू राही. सासरचे घर न सोडणारी स्त्री तेवढी वीराची पत्नी, असा या अटीचा अर्थ होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही अट रद्द करण्यात आली आणि तिच्या पुनर्विवाहाचा विचार न करता भत्ता आमरण देय ठरला. मृताच्या पत्नीप्रमाणेच त्याच्या वृद्ध मातापित्यांचा हक्क हाही नाजूक प्रश्न असून काही राज्यांनी सानुग्रह अनुदानाचा ठराविक भाग त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. ‘वीरमाता’, ‘वीरपिता’ व ‘वीरपत्नी’ ही संबोधने महाराष्ट्रात आदरार्थी रूढ आहेत. ‘हुतात्मा’ वा ‘शहीद’ हे शब्द लोकव्यवहारात सर्रास वापरले जात असले, तरी सेनादलांत अशी अधिकृत संज्ञा नसल्याचे शासनाने संसदेत स्पष्ट केले आहे. कुटुंबाचे हक्क मृत्यूच्या अधिकृत वर्गीकरणावर अवलंबून असतात. त्यामुळे मृत्यू शत्रूच्या गोळीने झाला की अपघाताने वा आजाराने, या नोंदीला घराच्या दृष्टीने फार महत्त्व येते.

बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबीयांची स्थिती सर्वांत कठीण असते. १९७१ च्या युद्धानंतर ५४ भारतीय सैनिक पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, असे मानले जाते. पाकिस्तानने ते नाकारले आहे. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत, असे कायदा गृहीत धरतो. परंतु अशा गृहीताने हक्क मिळाले, तरी शोकाला पूर्णविराम मिळत नाही. १९८४ मध्ये सियाचीन हिमनदीवरील मोहिमेत हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या एका सैनिकाचा देह ३८ वर्षांनी, २०२२ मध्ये, सापडला. धातूच्या बिल्ल्यावरील सैनिकी क्रमांकावरून त्याची ओळख पटली व त्याच्या कुटुंबीयांच्या उपस्थितीत लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले.

मूल्यमापन : भारतातील या दीर्घ परंपरेत प्रत्येक कालखंडाने सन्मानाचे एक अंग जोपासले व दुसऱ्याची उपेक्षा केली. बेगूरच्या शिळेवर नाव आणि निर्वाह एकत्र होते. पण ते पदस्थ वीराच्या वाट्याला आले. मराठेशाहीत सामान्य सैनिकाच्या घराची तरतूद झाली. पण त्याचे नाव उरले नाही. साम्राज्यकाळात भव्य स्मारके उभी राहिली. पण त्यांतील काहींवर शिपाई केवळ संख्या बनून राहिला. स्वतंत्र भारतात प्रत्येक नावाची नोंद करणारे स्मारक स्वातंत्र्यानंतर सात दशकांनी उभे राहिले आणि विधवेला सन्मानाबरोबर स्वतःच्या आयुष्याविषयी निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य त्याच सुमारास मिळाले. मृताचे नाव कोरण्याचा विधी एकदाच होतो. त्याच्या कुटुंबाची तरतूद मात्र महिन्यामागून महिने, मुले मोठी होईपर्यंत व विधवेच्या अखेरीपर्यंत चालू ठेवावी लागते. युद्धमृतांच्या सन्मानाची खरी कसोटी या दुसऱ्या, दीर्घकाळ चालणाऱ्या व फारशा प्रकाशात न येणाऱ्या कर्तव्यातच लागते.